परकारांची आठवी परदेश सहल

प्रवासाने माणसाचे मन विशाल होते, अशी नसरुद्दीन परकारची श्रद्धा होती. त्याच्या बायकोचे आणि सहा मुलांचे मन दर तीन महिन्यांनी विशाल होई, कारण त्यांच्या व्हिजिट व्हिसावर एका दमात तेवढेच दिवस राहता येत असे.

नसरुद्दीन स्वतः इकामावाला, म्हणजे सौदीत राहण्या-कामाचा परवाना असलेला. मूळ बाणकोटचा, आणि रियाधच्या दक्षिणेला टायरांच्या गोदामात सुपरवायझर. पूर्वी घरातल्या सगळ्यांनाच इकामा होता. मग सरकारने माणशी फी लावली, आणि सहा मुलांच्या बापाला जे सुचायचे ते त्याला सुचले. त्याने सगळ्यांना बाणकोटला धाडले आणि पाहुणे म्हणून परत आणले. तेव्हापासून सफूरा स्वतःच्या नवऱ्याच्या घरात पाहुणी होती. फरक इतकाच, की पाहुणीला कोणी दोन वेळचा आठ माणसांचा स्वयंपाक करायला लावत नाही.

पाहुण्यांना अट एकच होती: मुदत संपायच्या आत देशाबाहेर पाऊल टाकायचे आणि परत यायचे. त्याला बहरीन सोयीचे. रियाधहून चार-साडेचार तास गाडी हाणली की समुद्रावरचा पूल लागतो. पुलाच्या मधोमध बेट, बेटावर दोन्ही देशांच्या खिडक्या. या खिडकीत शिक्का, त्या खिडकीत शिक्का, पूल उतरून पहिल्या चौकात गाडी वळवायची आणि पुन्हा तेच उलटे. इतर लोक याला ‘शिक्का मारून येणे’ म्हणतात. नसरुद्दीन याला सहल म्हणत असे.

नुसते म्हणत नसे. ‘बिग फॅमिली, बिग सफर’ नावाचे त्याचे एक चॅनेल होते. त्रेसष्ट सबस्क्रायबर, त्यांतले चाळीस परकार. सात सहलींचे सात व्हिडिओ होते. प्रत्येकात नसरुद्दीन गॉगल लावून सांगे, की मुलांना जग दाखवले पाहिजे. त्याच्यामागे जग म्हणून टोलनाका, ट्रकची रांग आणि एक बॅरिअर दिसे. बहरीनमध्ये या कुटुंबाचा आजवरचा सर्वांत दीर्घ मुक्काम एकोणीस मिनिटांचा होता, तोही चौकात टायर पंक्चर झाला म्हणून.

सातव्या व्हिडिओनंतर सफूराची धाकटी बहीण हाजरा हिने घरच्या ग्रुपवर आवाजी मेसेज पाठवला. ग्रुपमध्ये एकशे अठरा माणसे होती. हाजरा सौदीतच, खमीस मुशैतला राहायची. तिचा नवरा गफूर तिथे एसी दुरुस्त करायचा आणि बोलायचा फारच कमी. त्याला काही कळत नसल्यामुळे तो बोलत नाही, असे नसरुद्दीनचे साडूविषयीचे निदान होते.

“दुलाभाई,” हाजरा म्हणाली होती, “बहरीन मस्तच आहे हां. बॅरिअर किती छान रंगवलेत. एकदा बॅरिअरच्या पलीकडचं पण दाखवा की.”

खाली तेवीस जणांनी हसरे चेहरे टाकले. त्यांत नसरुद्दीनचे सख्खे चुलते होते, ज्यांना हसरा चेहरा टाकता येतो हे तोवर कोणाला माहीत नव्हते.

बॅरिअरच्या पलीकडे काय असते, याचा शोध नसरुद्दीनने त्याच रात्री सुरू केला. बहरीनच्या वाळवंटात म्हणे एक झाड आहे. एकटेच उभे आहे, चारशे वर्षे जुने, आणि त्याला पाणी कुठून मिळते ते नक्की कोणालाच सांगता येत नाही. कसल्याही आधाराशिवाय ताठ उभे असलेले हे झाड नसरुद्दीनला ताबडतोब जवळचे वाटले. आठवी सहल झाडाला जाणार आणि झाडाखाली आठही जणांचा फोटो निघून तो ग्रुपवर पडणार, असे त्याने जाहीर केले. ग्रुपवरच केले, त्यामुळे आता माघार नव्हती.

मध्ये मे महिना आला. सगळे लग्नासाठी बाणकोटला जाऊन आले आणि येताना नवे व्हिसे काढून आले. ऑगस्टच्या मध्यावर त्यांची मुदत संपत होती. सहा दिवस उरले असताना सफूराने विषय काढला.

“हाजराचापण व्हिसा याच आठवड्यात संपत होता. गफूरभाईंनी फोनवर वाढवून घेतला. बसल्या जागी.”

“फोनवर वाढवणारे लोक वेगळे,” नसरुद्दीन म्हणाला.

“म्हणजे कसे?”

“बसल्या जागचे.”

“आपणपण एकदा बसून बघू की. बाहेर शेहेचाळीस डिग्री आहे. त्यांना फोन करून विचारा तरी, कसं केलं ते.”

“मी गफूरला विचारू? व्हिसाचं?”

रियाधच्या कोकणी मंडळात व्हिसाचे काही अडले की लोक नसरुद्दीनला विचारत. त्याचे उत्तर कधी बरोबर येई, कधी चुके, पण ते लगेच मिळे आणि ठणठणीत आवाजात मिळे. हा माणूस एसीवाल्या साडूला फोन करून विचारणार, हे होणे नव्हते.

शिवाय झाड राहिले असते.

नसरुद्दीनची कागदपत्रे सांभाळायची एक पद्धत होती. नवा कागद आला, की तो रियाधमधल्या बत्थ्याच्या बाजारात जाऊन त्याला लॅमिनेशन करून घेई. मुलांचे जन्मदाखले, लसीची कार्डे, गाडीचा विमा, एका वॉशिंग मशीनची वॉरंटी (मशीन नंतर विकले), सगळे प्लास्टिकमध्ये. एकदा लॅमिनेशन झाले, की कागद वाचायचा नसतो, दाखवायचा असतो. मेमधले सात व्हिसेही रियाधला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी असेच चकचकीत होऊन फाइलीत गेले होते.

शुक्रवारी पहाटे फजरची नमाज झाली, सामान भरेपर्यंत साडेसहा वाजले आणि सहल निघाली. गाडी सात सीटची होती, माणसे आठ. दोन वर्षांचा अली हा सीट न लागणारा माणूस धरला जाई, आणि तो सफूराच्या मांडीवर बसून या अपमानाचा सूड दिवसभर घेई. मागे बिर्याणीचे पातेले, तांदळाच्या भाकऱ्या, जवळ्याची चटणी, चहाचे दोन थर्मास, पाण्याचा कूलर, चटई. सफूरा पहाटे तीनपासून उठलेली होती. व्हिडिओत ती पहिल्या वाक्याच्या शेवटी दिसते, दार बंद करताना.

“दोस्तों,” गेटाशी गाडी उभी करून नसरुद्दीनने सुरुवात केली. पंधरा वर्षांचा अरीब फोन धरून होता. “आज आपण चाललोय एका अशा ठिकाणी, जिथे निसर्ग आपल्याला धीर शिकवतो.”

“अब्बा, उन्हात काळा दिसताय,” अरीब म्हणाला. “परत घेऊ?”

धीर तिथूनच शिकायला लागला. हे वाक्य चार वेळा घेतले.

दम्मामच्या रस्त्याला तीन तासांत बघण्यासारखे दोन उंट आले. दोन्ही वेळा अरीबने फोन काढेस्तोवर ते मागे गेले. दहा वर्षांचा शादाब आणि आठ वर्षांचा उसामा यांनी एकमेकांना मारायला सुरुवात केली, मग कंटाळून थांबले. सहा वर्षांची उमामा दर दहा मिनिटांनी झाडाला झोका आहे का म्हणून विचारत होती. आहे, असे नसरुद्दीनने पहिल्या वेळी सांगून टाकले होते.

तेरा वर्षांची इकरा ही या घरातली एकटी वाचणारी. डेटा सगळा कॅमेऱ्याला राखीव असल्यामुळे तिच्याकडे वाचायला काही नव्हते. तिने पायाशी ठेवलेली फाइल उघडली आणि व्हिसे वाचायला घेतले.

“अब्बा,” ती म्हणाली, “मागच्या व्हिसावर ‘मल्टिपल’ होतं. यावर ‘सिंगल’ आहे.”

“कशावर?”

“एन्ट्रीज लिहिलंय तिथे. सगळ्यांच्याच.”

“गाडीत वाचू नये. उलटी होते.”

“मला नाही होत.”

“होत नाही म्हणून काय वाटेल ते वाचायचं?”

“पण सिंगल म्हणजे एकदाच आत येता येतं ना? आणि एकदा आपण आलोय. मेमध्ये.”

“इकरा, हे शिक्के मी आज आठव्यांदा मारून घेणार आहे. तू किती वेळा घेतलेस?”

“मीपण आठव्यांदाच.”

नसरुद्दीनने पेट्रोल भरायला गाडी वळवली.

“काय म्हणते ती?” सफूराने विचारले.

“काही नाही. कागद वाचते.”

“वाचू दे. घरात कोणीतरी वाचू दे.”

“सफूरा, ते फॉरमॅट बदलतात. दरवर्षी बदलतात. मला विचार.”

“विचारलंच की. हाजराकडे फोनवर होतं, तर आपल्याकडे का नाही होत?”

“होत नाही असं मी कधी म्हटलं? आपण करत नाही.”

एवढ्यात अलीने, ज्याने काहीही वाचले नव्हते, उलटी केली. ती इकराच्या मांडीवरच्या फाइलीवर पडली. नसरुद्दीन मात्र प्रसन्न झाला. त्याने अरीबला फोन सुरू करायला सांगितला, पेट्रोल पंपाच्या नळाखाली सातही व्हिसे एकेक करून धुतले आणि ओल्या कागदांचा पंखा करून दोस्तांना लॅमिनेशनचे महत्त्व समजावले. हा भाग पुढे व्हिडिओत तसाच राहिला. सातही कागद कॅमेऱ्याकडे तोंड करून आहेत.

बेटावर पोचायला साडेअकरा वाजले. सौदीच्या खिडकीत एक तरुण अधिकारी होता. त्याने पासपोर्टांचा गठ्ठा घेतला, पडद्यावर पाहिले, गाडीत मागपर्यंत पाहिले, आणि अरबीत विचारले, “सगळे चाललात?”

“सगळे,” नसरुद्दीन अभिमानाने म्हणाला. “अख्खी फॅमिली.”

अधिकाऱ्याने पुन्हा एकदा मागे पाहिले. काहीतरी बोलावे की नाही, असा तो क्षणभर थांबला. मग पाठीमागच्या गाडीने हॉर्न दिला आणि त्याने आठ वेळा शिक्का मारला.

“बघितलंस?” नसरुद्दीन इकराला म्हणाला. “काही विचारलं त्याने?”

“विचारलं ना. सगळे चाललात का म्हणून.”

“ते प्रेमाने विचारतात.”

पलीकडची खिडकीही झाली. पूल उतरला, पहिला चौक आला आणि गाडी त्या चौकातून सरळ पुढे गेली. सात वेळा बहरीनला येऊन गेलेली ही मुले पहिल्यांदाच बहरीनला चालली होती.

“अब्बा,” उसामा घाबरून म्हणाला, “टर्न राहिला.”

झाड शहरापासून लांब, दक्षिणेला आहे. आधी इमारती संपल्या, मग दुकाने, मग तेलाच्या पाइपलाइनी सुरू झाल्या. शेवटी डांबरही संपले. दोनच्या सुमाराला समोर एक झाड आले. ते खरोखरच एकटे होते. ऑगस्टमध्ये दुपारी दोन वाजता दुसरे कोणी तिथे असण्याचे कारण नव्हते.

सगळे काचेतून बघत राहिले.

“हेच?” अरीब म्हणाला.

“चारशे वर्षं,” नसरुद्दीन म्हणाला. “पाण्याशिवाय.”

“मग आपल्याला का लागतं?” शादाबने विचारले. कूलरमधले पाणी पुलाच्या आधीच संपले होते.

“बाभळीसारखं दिसतंय,” सफूरा म्हणाली. “आमच्या परसाकडच्या वाटेवर होती तसली. बापाने तोडली, काटे लागतात म्हणून.”

“सफूरा, हे जगप्रसिद्ध आहे.”

“असेल की. मी कुठे तोडायला निघालेय?”

“झोका कुठाय?” उमामा म्हणाली.

यल्ला, यल्ला करत नसरुद्दीनने सगळ्यांना खाली उतरवले. फोटो आठही जणांचा हवा होता आणि काढायला नववा माणूस नव्हता. फोन बॉनेटवर उभा करून टायमर लावायचा, असे ठरले. बॉनेटवर एव्हाना घावन निघाले असते. अरीबने फोन ठेवला, दहापासून उलटे आकडे सुरू झाले, सातवर पडदा काळा झाला आणि फोनने त्यावर लिहून कळवले, की तो फार तापला आहे आणि गार होईपर्यंत काही करणार नाही. त्या दिवशी त्या वाळवंटात शहाणपणाने वागलेली ही एकटीच वस्तू.

मग आठही जण परत गाडीत बसले. नसरुद्दीनने फोन एसीच्या झडपेपुढे धरला. वीस मिनिटे तो तसा हात लांब करून बसला होता आणि सात माणसे फोनला बरे वाटण्याची वाट पाहत होती. पुढच्या खेपेला अलीचे डोळे मिटले. त्याच्या पुढच्या खेपेला उमामा झोक्यासाठी रडत होती. त्यानंतर फोन पुन्हा तापला. सव्वातीनला एकदाचा फोटो निघाला. त्यात नसरुद्दीन हसतो आहे, बाकी सात जण त्याच्याकडे बघत आहेत, आणि झाडाचा वरचा अर्धा भाग कापला गेला आहे.

पण बॅरिअर नव्हता. नसरुद्दीनने फोटो तिथल्या तिथे ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, ‘बॅरिअरच्या पलीकडून सलाम.’

बिर्याणी गाडीतच खाल्ली. चटई उघडली गेली नाही. परतीच्या रस्त्याला मुले पेंगली. नसरुद्दीन मात्र दर पाच मिनिटांनी सफूराला ग्रुप बघायला लावत होता.

“काय म्हणतात?”

“चाचांनी अंगठा टाकलाय.”

“आणि हाजरा?”

“बघितलंय तिने. निळं झालंय.”

“बोलणार काय,” नसरुद्दीन म्हणाला, आणि पुलाच्या चढावर त्याने शीळ वाजवायला घेतली. आयुष्यात इतके निर्भेळ समाधान त्याला याआधी फक्त एकदा मिळाले होते. त्या वेळी गफूरची गाडी त्याच्यादेखत टो करून नेली होती.

साडेपाचला बेट आले. बहरीनचा बाहेर पडायचा शिक्का झाला. मग सौदीची खिडकी. या वेळचा अधिकारी वयस्कर होता. त्याने नसरुद्दीनचा इकामा बघून बाजूला ठेवला. मग सफूराचा पासपोर्ट यंत्रात घातला, थांबला, पुन्हा घातला. मग इकराचा. मग एकेक करून सगळे. सातही पासपोर्ट इकाम्याच्या दुसऱ्या बाजूला जमा झाले.

“खलास,” तो म्हणाला.

“खलास,” नसरुद्दीनही खूश होऊन म्हणाला आणि हात पुढे केला.

अधिकाऱ्याने मान हलवली. त्याने व्हिसा मागितला. नसरुद्दीनने फाइलीतून काढून दिला. अधिकाऱ्याने तो बोटांत धरून उलटसुलट पाहिला. लॅमिनेशन केलेला व्हिसा त्याने बहुधा प्रथमच पाहिला असावा. मग तो खिडकीच्या फळीवर ठेवून त्याने एका ओळीवर नखाने दोनदा टकटक केले आणि सावकाश इंग्रजीत सांगितले. एकदा आत. मेमध्ये आत आले. आज बाहेर गेले. झाले.

मागच्या सीटवर इकरा खिडकीबाहेर समुद्र बघत होती. ते नसरुद्दीनला जास्त लागले.

गाडी बाजूला लावायला सांगितली. नसरुद्दीन खाली उतरला, ओळखीच्या दोघातिघांना फोन लावले. व्हिसाचे काही अडले तर कोणाला विचारायचे, हे त्यांना माहीत होते. नसरुद्दीनला. शेवटी सफूराने स्वतःच्या फोनवरून नंबर लावला आणि काचेतून त्याच्या हातात दिला.

“गफूर,” नसरुद्दीन म्हणाला. “एक विचारायचं होतं. ते फोनवर वाढवायचं, ते कसं करतात?”

“भाईजान, सोपं आहे,” गफूर म्हणाला. “पण आत असताना. तुम्ही आत आहात ना?”

नसरुद्दीनने पुलाकडे पाहिले.

“कारण हे नवे व्हिसे सगळे सिंगलचे आलेत,” गफूर म्हणाला. बोलायला लागला तर तो पुष्कळ बोलायचा, असे दिसले. “बाहेर पडलं की गेलं. हाजरा परवा म्हणत होती, दुलाभाईंना सांगा. मी म्हटलं, त्यांना मी काय सांगणार.”

फोनमध्ये हाजराचाही आवाज आला. “झाड बघितलं म्हणावं. वरनं कापलंय, पण छान आहे.”

सफूराने फोन परत घेतला. “हाजरा,” ती म्हणाली, “रियाधच्या फ्रीजरमध्ये दोन किलो कोळंबी आहे. ह्यांना करता येत नाही. कोणाला तरी देऊन टाकायला सांग.” मग तिने मागे वळून मुलांना हाक मारली, पाणी कोणाला हवे म्हणून विचारले, आणि पाणी संपल्याचे तिच्या लक्षात आले.

गाडी परत वळली आणि तीन रात्री ते बहरीनमध्ये, मनामा शहरात, एका लॉजच्या दोन खोल्यांत राहिले. बहरीनमधला हा त्यांचा सर्वांत दीर्घ मुक्काम ठरला. सोमवारी सफूरा आणि सहा मुले मुंबईच्या विमानात बसली. नसरुद्दीनला गोदामात मंगळवारी हजर व्हायचे होते. तो सात सीटची गाडी घेऊन एकटा परतला. त्याचा शिक्का बारा सेकंदांत झाला.

नव्या व्हिसांना पाच महिने लागले. आठव्या व्हिडिओला एकशे सहा लोकांनी पाहिले, हा चॅनेलचा उच्चांक आहे. बहुतेकांनी पेट्रोल पंपावर व्हिसे धुण्याचा भाग थांबवून थांबवून पाहिला. ‘एन्ट्रीज’ची ओळ वरून चौथी आहे. लॅमिनेशन चांगले झाल्यामुळे ती मोबाइलवरही स्वच्छ वाचता येते.